पितांबरभाऊंचं विष आणि त्याचा राखणदार

पितांबर चिंधा माळी या गृहस्थांनी आमच्या ओसरीवर बसून विष तयार केलं, असं मी पाहुण्यांना सांगायला लागलो की माझी बायको मंदा मध्येच तोडते. "नीट सांगा, नाहीतर पोलीस येतील." तर नीट सांगतो. हे मी बोलतोय आणि मंदा लिहून घेतेय. मध्येमध्ये तिची नापसंतीही उमटेल, ती वाचणाऱ्यांनी चालवून घ्यावी.

गोष्ट चौऱ्याण्णव सालची. तेव्हा मी जळगावच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत होतो. मूळचे आम्ही बोदवडचे, वडील रेल्वेत गँगमन होते. घरात जाड पुस्तकं वाचणारा पहिला मीच, त्यामुळे वाचनाचा तोरा जरा जास्तच होता. आणि नेमकं तेच गेलं. चाळिशीनंतर काचबिंदूने डोळे कडेकडेने खायला सुरुवात केली. धुळ्याच्या डॉक्टरांनी प्रयत्न केले, मुंबईच्या डॉक्टरांनी केले. शेवटी मला खोलीत खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळायचं आणि तेही ऊन असेल तर.

पितांबरभाऊ आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. त्यांचं गाव धुळ्याच्या बाजूला, पांझरेच्या काठी. वडिलांबरोबर भाजीच्या मळ्यात पाणी धरण्यात त्यांचं लहानपण गेलं. पुढे जळगावात ठिबकचं काम वाढलं, तसे ते इकडे आले. आधी पाइपच्या कारखान्यात गाड्या भरायला लागले आणि मग बघूनबघून फिटर झाले. चोपड्यापासून जामनेरपर्यंत केळीच्या बागांमध्ये नळ्या अंथरत हिंडायचे. बायको बेबाबाई गावी, सासू-सासऱ्यांपाशी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला ते घरी जायचे, एरवी त्यांचा संसार म्हणजे एक स्टोव्ह, एक खाट आणि हत्यारांची पेटी.

माणूस हट्टी. गळका नळ त्यांना सहन व्हायचा नाही. कुणाच्या घरी चहाला गेले आणि मोरीत टपटप ऐकू आलं, तर चहा ठेवून आधी नळ खोलायचे, मग घरमालकाला आवडो न आवडो. चहा बशीतून प्यायचे आणि तो सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. पण त्यांच्या एका गोष्टीसाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. माझे डोळे गेल्यावर सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले, जणू मी आजारी निजलोय. पितांबरभाऊ मात्र पूर्वीसारखेच भांडायचे. "सर, डावा हातले सरका, तठे बादली शे," एवढंच आपल्या खानदेशी बोलीत म्हणायचे आणि पुन्हा आमचा वाद जिथे सुटला होता तिथून धरायचे.

मला कॉलेजने वाऱ्यावर सोडलं नव्हतं, हेही सांगायला हवं. प्रात्यक्षिकं दुसऱ्यांनी वाटून घेतली होती. प्राचार्य सभ्य माणूस. ते म्हणाले, "सुरवाडे सर, दिवाळीच्या सुट्टीनंतर तुम्ही सांगा. शिकवायचं असेल तर शिकवा, थांबायचं असेल तर थांबा." निर्णय माझ्यावर होता, आणि तोच मला घेता येत नव्हता. तोंडपाठ असलेलं मी वर्षभर बोलू शकलो असतो. पण जे मला नव्याने समजणारच नाही, ते शिकवायला उभं कसं राहायचं? आंधळा झालो याचं दुःख होतंच. आपला मास्तर आता फक्त टेप झालाय, असं मुलांना वाटलं तर, ही भीती त्याहून मोठी होती.

त्यातच एका विज्ञानाच्या नियतकालिकात ते चित्र छापून आलं.

मातीत राहणारा एक जिवाणू आहे. तो एक प्रथिन तयार करून बाहेर सोडतो. हे प्रथिन पेशीच्या आत मोकळं सुटलं तर तिथले आरएनएचे धागे कापत सुटतं आणि पेशी मरते. मग ते बनवणारा जिवाणू स्वतः कसा जगतो? तर तो आणखी एक लहान प्रथिन बनवून घरातच ठेवतो. हे दुसरं प्रथिन पहिल्याला असं काही धरतं की त्याचं कापणंच बंद होतं. विषाचं जनुक एकटं उचलून दुसऱ्या जिवाणूत घातलं तर तो बिचारा मरतो, राखणदाराचं जनुक सोबत दिलं तर जगतो. एकाचं नाव बार्नेज, दुसऱ्याचं बारस्टार. नावं लक्षात ठेवू नका, आमच्या घरातही कुणी ठेवली नाहीत. विष आणि राखणदार, एवढ्यावर आमचं भागायचं.

हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर दोन गोळे काढून शिकवत आलो होतो. एक गोळा दुसऱ्याला धरतो, बस. कसा धरतो, ते ठाऊक नव्हतं. आता दोघांच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून कुणीतरी ते पाहिलं होतं आणि त्याचं रंगीत चित्र छापलं होतं. मंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती ते चित्र मला समजावून सांगायला बसली. "एक हिरवी फीत आहे, ती अशी गोल गोल जाते, मग वळते, मग एक बाण आहे, त्याच्यामागे अजून एक बाण..." अर्ध्या तासाने आम्ही दोघंही रडकुंडीला आलो. (मंदा म्हणते, ती नव्हती आली.)

संध्याकाळी पितांबरभाऊ ओसरीवर येऊन बसले. "सर, काय व्हयनं? तोंड काबर उतरेल शे?"

मी सगळं सांगितलं. सांगताना राग राग करत होतो, पण सांगितलं.

"मंग एंड कॅप म्हना ना," ते म्हणाले. नळीचं शेवटचं तोंड बंद करायला जे टोपण लावतात, ते.

"एंड कॅप कुठल्याही नळीला बसते, पितांबरभाऊ. हा राखणदार याच विषाला बसतो."

"कोनतीबी कॅप कोनतीबी नळीले बसत नही, सर. बारानी वायली, सोळानी वायली. तुमी कधी लाई का?"

मी कधी लावली नव्हती; बाराच्या आणि सोळाच्या नळीचं टोपण वेगळं असतं, हेही ठाऊक नव्हतं. या विषाचा आकार नेमका कुठे लिहिलेला असतो, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. प्रत्येक मणी कुठे आहे याचे तीन आकडे असतात, एक आडवा, एक उभा आणि एक उंचीचा.

"म्हंजे वावरना नकाशा शे हाऊ," पितांबरभाऊ म्हणाले. "आडवं, उभं नि चढ. आकडा मांगाडी ल्या. मी नळी वळाडी देस."

अभिमन नावाचा माझा जुना विद्यार्थी बंगळूरला एका संस्थेत संशोधन करत होता. त्याला कळवलं आणि त्याने ते आकडे छापून पाठवले, कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर. दोन्ही प्रथिनांचे मिळून दोनशेच्या आसपास मणी. मंदाने तो कागद उलगडला तेव्हा तो ओसरीवरून अंगणात गेला.

मग आमच्याकडे जे चाललं, ते बघायला शेजारी यायचे. प्लायवूडच्या फळीवर पेन्सिलीने चौकटी आखल्या. मंदा शाळेतून आली की एकेक आकडा वाचायची, पितांबरभाऊ तिथे भोक पाडायचे आणि जाड तार उंचीच्या आकड्याएवढी कापून त्यात उभी करायचे. फळीवर तारांचं रान उगवलं. ठिबकमध्ये झाडाच्या बुंध्याशी पाणी न्यायला जी अगदी बारीक काळी नळी वापरतात, ती त्यांनी घेतली. वळवलेला आकार टिकावा म्हणून तिच्या आत बांधणीची तार ओवली. मग पहिल्या तारेच्या टोकावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, अशी ती वळवत नेली. दिवाळी जवळ आली होती, त्यामुळे समोरच्या केसरबाईंनी विचारलं, "आकाशकंदील का?" मंदा म्हणाली, "नाही, विष आहे." केसरबाईंनी काढता पाय घेतला.

विष पुरं झालं आणि पितांबरभाऊंना पहूरला एका केळीबागेचं काम आलं. मंदा म्हणाली, राखणदाराची फळी मीच आखते. तिने आखली, भोकं पाडली, तारा उभ्या केल्या. पितांबरभाऊंनी रविवारी येऊन त्यावर नळी वळवली. वळवलेल्या दोन्ही नळ्या तारांवरून अलगद सोडवल्या, आडव्या तारांनी आतून आवळल्या आणि माझ्या मांडीवर आणून ठेवल्या. विष मोठ्या कलिंगडाएवढं, राखणदार त्याहून थोडा लहान.

मंदाने वाचून दाखवलेलं मला पाठ होतं. विषाच्या अंगावर एक फट आहे. कापायचं काम त्या फटीत चालतं. राखणदाराची मळसूत्रासारखी वळलेली एक दांडी आणि तिच्या शेजारचं वळण त्या फटीत बसतं. मी फट शोधली. सापडली, असं वाटलं. राखणदाराची दांडी शोधली. तीही सापडली. दोन्ही एकमेकांवर टेकवलं, आणि बसेना.

"दाबा जरासं, बसी जाई," पितांबरभाऊ म्हणाले. "नवी नळी कडक ऱ्हास."

मी दाबलं. फिरवून दाबलं. उलटं धरून दाबलं. फट जिथे संपायला हवी तिथे संपत नव्हती, दांडी जिकडे झुकायला हवी तिकडे झुकत नव्हती. त्या दोघांना मी काही बोललो नाही, कारण त्यांनी कष्ट केले होते. पितांबरभाऊ दुसऱ्या दिवशी पुन्हा पहूरला गेले. मंदा शाळेत गेली की मी ते घेऊन बसायचो. आठवडाभर बसलो. बोटांची आग व्हायची, पण ते काही जुळायचं नाही.

माझ्या मनात एकच गोष्ट पक्की होत गेली. आकडे बरोबर आहेत, माणसं डोळस आहेत, म्हणजे चूक माझ्या बोटांची आहे. जगात ज्याचा गाजावाजा झाला ते माझ्या मांडीवर आहे आणि मला ते कळत नाही. मग कॉलेजात उभं राहून काय सांगणार? एका संध्याकाळी मी मंदाला म्हणालो, "प्राचार्यांना सांगून टाकतो. मी थांबतो." ती तांदूळ निवडत होती. ताटातला हात तेवढा थांबला. (मंदा म्हणते, तूर होती. असेल.)

रविवारी सकाळी मी ते दोन्ही पोत्यात भरायला घेतलं. माळ्यावर टाकायचं, पुन्हा बघायला नको. एका हातात विष होतं, दुसऱ्या हातात राखणदार, आणि पोत्याचं तोंड धरायला मी मंदाची वाट बघत होतो. वाट बघताना माणूस बोटांनी चाळा करतो, तसा माझा उजवा अंगठा राखणदाराच्या दांडीवरून वर चढत होता. डावा अंगठा विषाच्या तशाच वळलेल्या एका दांडीवरून. आणि मला जाणवलं की ते दोघं वेगवेगळ्या अंगाने वर जात आहेत. एकाची वळणं एका बाजूने चढत होती, दुसऱ्याची बरोबर विरुद्ध बाजूने.

असं होऊ शकत नाही. कुठल्याही सजीवाच्या प्रथिनातलं हे मळसूत्र जवळजवळ नेहमीच एकाच अंगाने वळतं, साध्या स्क्रूसारखं. हे मी दर वर्षी जुलैत शिकवतो.

"मंदा, एखादा स्क्रू दे."

"पोतं धरायचंय ना?"

"पोतं राहू दे, स्क्रू दे!"

शिवणयंत्राच्या खणातून तिने एक आणून दिला. मी त्याचे आटे नखाने चाचपले. राखणदार बरोबर होता. विष उलटं होतं. एक दांडी नाही, सगळ्या दांड्या. आरशात दिसावं तसं ते सबंध विष उलटं झालं होतं. उजव्या पायाचा जोडा डाव्या पायात घालायला मी आठवडाभर धडपडत होतो. आणि माझी बोटं पहिल्या दिवसापासून तेच सांगत होती, बसत नाही, बसत नाही. मीच त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता. तिथेच जमिनीवर बसून मी मोठमोठ्याने हसलो. मंदाला वाटलं, आता डोकंही गेलं.

पितांबरभाऊ दुपारी आले आणि ऐकून आधी चिडलेच. "मन्हा एक आकडा बी चुकेल नही, सर."

"आकडे चुकले नाहीत. तुम्ही मोजायला सुरुवात कुठून केली?"

"वरला बांधथीन. आनखी कोठथीन? मेन लाइन वर ऱ्हास, मंग खाले उतरानं."

मंदा म्हणाली, "अहो भाऊ, आलेख खालून वर काढतात. शाळेत पोरांना मी खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करायला शिकवते. माझी फळी तशीच आखलीय."

"वावरमा पानी खालथीन वर जास का, बाई?"

पितांबरभाऊंनी आयुष्यभर शेतं मोजली ती पाणी येतं तिकडून. फळीचा वरचा काठ त्यांच्यासाठी विहिरीकडचा बांध होता. मंदा आकडे वाचत होती, पण समोरच्या बाजूला बसून कागदात डोकं घालून. फळीवर ते कुठून मोजत आहेत हे तिने पाहिलंच नव्हतं. आडवं बरोबर, उंची बरोबर, फक्त उभं मोजलं ते वरून खाली. तेवढ्याने विष आरशातलं झालं.

मी पितांबरभाऊंच्या एका हातात स्क्रू दिला आणि दुसऱ्या हाताचं बोट विषाच्या दांडीवर ठेवलं. ते बराच वेळ चाचपत राहिले. स्क्रू, नळी, पुन्हा स्क्रू. "आयव माय," ते म्हणाले. मग, "आते बठ्ठं खोलनं पडी."

त्यांनी बठ्ठं, म्हणजे सबंध विष, खोललं. दिवाळीला गावी जायचं दोन दिवस लांबवलं. बेबाबाई वाट बघत असणार, जा, असं मंदाने सांगून पाहिलं, पण गळता नळ सोडून हा माणूस कधी उठला नव्हता, तो आता काय उठणार. नवी फळी, नवी भोकं, या वेळी खालच्या डाव्या कोपऱ्यातून, आणि मंदा दर चार आकड्यांनी वाकून बघत होती.

नवं विष मांडीवर आलं. फट लगेच सापडली. खोल, एका बाजूने उघडी. मी डावा अंगठा तिच्यात घातला आणि उजव्या हाताने राखणदार जवळ आणला. दांडी फटीच्या काठावर आली, थोडी वळली आणि आत बसली. माझ्या अंगठ्याला तिथे जागाच उरली नाही, तो बाहेर ढकलला गेला. आणि मला कळलं. कापायला जो धागा त्या फटीत यायचा, त्यालाही असंच बाहेर राहावं लागत असणार. राखणदार विष मोडत नाही, त्याला मारत नाही, फक्त त्याच्या तोंडात स्वतः जाऊन बसतो. एवढी वर्षं दोन गोळे काढत होतो, आणि ते मला पहिल्यांदा कळलं ते डोळे गेल्यावर.

मी रडलो, हे सांगायला मला लाज नाही. पितांबरभाऊ म्हणाले, "बसनं ना? मंग रडतस काबर?" आणि मंदाला चहा टाकायला सांगितलं.

नंतर मी खूप वेळा विचार केला. त्यांनी पहिल्याच वेळी बरोबर वळवलं असतं, तर ते सहज बसलं असतं, मी छान म्हटलं असतं, आणि तरीही मनात राहिलं असतं की दुसऱ्यांनी बसवून दिलं ते मी फक्त हातात धरलं. त्यांच्या बांधावरच्या मोजणीने मला माझी बोटं परत दिली. लोक चांगल्या कामाबद्दल आभार मानतात. मी पितांबरभाऊंचे त्यांच्या चुकीबद्दल मानतो, आणि तसं म्हटलं की ते अजून रागावतात. हल्ली ते गावीच असतात. बेबाबाई आणि ते मिळून भाजीचा मळा करतात, आणि जळगावला आले की आमच्याकडे उतरतात. गेल्या खेपेला आमच्या मोरीचा नळ खोलून गेले, तो तसा गळत नव्हता.

त्या दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं, त्या पहिल्या तासाला पितांबरभाऊ माझ्याबरोबर आले होते. विष आणि राखणदार सायकलच्या कॅरियरला बांधून आणायला दुसरं कोण होतं? प्राचार्यांना मी अजून काही सांगितलं नव्हतं. तास कसा होतो ते बघून सांगणार होतो. पितांबरभाऊ परत जातील असं वाटलं होतं, पण ते मागच्या बाकावर जाऊन बसले. मी बोलायला सुरुवात केली. वर्ग शांत होता, जरा जास्तच शांत. सुट्टीआधी मला दारापर्यंत सोडायला येणारी हीच मुलं होती.

मी विष उचलून दाखवलं, फट कुठे आहे ते सांगितलं, राखणदार त्यात बसवला. मग पुढच्या बाकावरून एका मुलीने विचारलं. आवाजात कुचेष्टा नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सर, पण हे मॉडेल बरोबर आहे, हे तुम्हाला कसं कळणार?"

कुणीतरी तिला गप्प बस म्हणून दटावलं. माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते माझ्याच तोंडून आलं असतं तर कुणाला पटलं असतं? तेवढ्यात मागे बाक सरकल्याचा आवाज आला.

"पोरी, पहिलं मी उलटं करेल व्हतं," पितांबरभाऊ म्हणाले, शेतात बोलावं तेवढ्या मोठ्याने. "मन्हा दोन डोया, बाईस्ना दोन डोया. चार डोयास्ले काही समजनं नही. सरस्नी हात लाया नि सांगं, उलटं शे."

चार डोळ्यांचा हा हिशेब सांगून ते खाली बसले. वर्गात कुणी हसलं नाही. मग मी त्या मुलीला पुढे बोलावलं. ती आली. मी विष तिच्या दोन्ही हातांत दिलं.

"डोळे मिट," मी म्हणालो, "आणि फट शोध."